‘पगार’ हा शब्द कुणाचा?

(कोलशेत इथे भरलेल्या घरकामगार स्त्रियांच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला ‘घरकामगार बायका आणि रोजचं इंग्रजी’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं. पगारवाढ, सुट्टी, बोनस हे प्रश्न बाजूला ठेवून ही बाई आता इंग्रजीचा तास घेणार की काय, अशी शंका तुम्हाला आली असेल. तास घेणार नाही. पण या भागात काम करताना माझं असं मत झालं आहे की पगार आणि सुट्टीबद्दल बोलायचं तर कुठल्या भाषेत, कुणाच्या शब्दांत बोलायचं याचाही विचार करावा लागतो. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी किती जणींना पोर्तुगीज भाषा येते? एकही हात वर झाला नाही. आता तुमचा रोजचा दिवस आठवा. कामाच्या घरी जाऊन तुम्ही चावीने दार उघडता. बालदीत पाणी घेऊन लादी पुसता. कोबी चिरता, बटाटे उकडता, परातीत कणीक मळता. कपड्यांना इस्त्री करता. कुणी आया म्हणून मूल सांभाळता. आणि महिना भरला की पगार घेता. चावी, बालदी, कोबी, बटाटा, परात, इस्त्री, आया, पगार हे सगळे शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले आहेत. म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा दिवसभर पोर्तुगीज शब्द वापरते आणि तिला कुणी ते शिकवलेले नसतात.

हे कसं झालं? १५३४ साली वसईचा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. ठाणं आणि साष्टी त्यांच्याकडे दोनशे वर्षं होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. राज्य गेलं. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आजही उभं आहे, वसईचा पडका किल्ला आहे. आणि आपल्या तोंडी हे शब्द राहिले.

आता ही यादी जरा नीट बघा. तिच्यात वस्तू आहेत, भाज्या आहेत, फळं आहेत. पेरू, पपई, अननस, काजू तिकडूनच आले. कामाची नावं आहेत, मेस्त्री आणि आया. लिलाव आहे, तुरुंगसुद्धा आहे. पण नकार द्यायचा शब्द या यादीत नाही. जाब विचारायचा नाही. ‘मला हे मान्य नाही’ असं म्हणायचा नाही. सत्ता असलेल्यांची भाषा कष्टकऱ्यांच्या तोंडी येते ती बहुतेक अशीच येते. हे आण, ते उचल, हे धू, ते पूस, एवढ्यापुरती. काम करून घ्यायला जेवढे शब्द लागतात तेवढे खाली येतात. बाकीचे वरच राहतात.

पण एका शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तो शब्द ‘पगार’. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. ते क्रियापद आहे आणि ती क्रिया देणाऱ्याची आहे. मालक ‘पगार’ करतो. मजुरीला त्या भाषेत वेगळाच शब्द आहे. मराठीत आल्यावर काय झालं? ते क्रियापद नाम झालं. आपण म्हणतो ‘माझा पगार’. देणाऱ्याच्या हातातला शब्द घेणारीच्या हातात आला. ‘माझा पगार झाला नाही’ असं बाई म्हणते तेव्हा ती उपकार मागत नसते, आपली वस्तू मागत असते. हा बदल कुठल्या पंडिताने केला नाही. काम करून पैसे मागणाऱ्या माणसांनी बोलून बोलून केला. परका शब्द आपला होतो तो असा. तो आपल्या बाजूने उभा राहायला लागला की आपला होतो. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा विस्तार आहे.

एक उदाहरण आणखी देते. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचं गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले. पण कोर्लईतल्या ख्रिश्चन कुटुंबांत पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली आजही बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. त्या बोलीला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. तिला राज्य नाही, कचेरी नाही, शाळा नाही. शाळेत मुलं मराठी शिकली, पुढे नोकरीधंद्यासाठी इंग्रजीच्या मागे लागली. तरी पावणेतीनशे वर्षं ती बोली चुलीपाशी, अंगणात, लेकरांना निजवताना टिकली. राज्यकर्त्यांची म्हणून आलेली भाषा मागे राहिलेल्या गरीब माणसांनी स्वतःची करून घेतली.

आता आपल्या कोलशेतकडे येऊ. खाडीकाठचं हे कोळ्यांचं, आगऱ्यांचं गाव. मग कोलशेत रोडवर सँडोझ, बायर असे रसायनांचे कारखाने आले. आपल्यापैकी काहींच्या सासऱ्यांनी, वडिलांनी या पट्ट्यात नोकऱ्या केल्या. त्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी होती, युनियन होती, रजेचा अर्ज होता. कारखाने गेले, जमिनींवर टॉवर उभे राहिले. पुरुषांच्या कायम नोकऱ्या गेल्या आणि त्या जागेवर बायकांना धुणी-भांडी, लादी-पोछा, जेवणाची कामं मिळाली. चिठ्ठी नाही, युनियन नाही, रजा नाही. मनोरमानगर, आझादनगर, ढोकाळी, बाळकुम इथून रोज सकाळी बायका या टॉवरच्या फाटकांतून आत जातात. आत राहणारी माणसं सगळ्या प्रांतांतली आहेत. कुणी मराठी बोलतं, कुणी मोडकं हिंदी, कुणी नुसतं इंग्रजी. सोसायटीची सूचना इंग्रजीत, फाटकावरचा कागद इंग्रजीत, मॅडमचा मोबाईलवरचा निरोप इंग्रजीत. तुमच्या येण्या-जाण्याची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये होते, तुमच्या कामाला तारे दिले जातात, तेही इंग्रजीत. आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते आपल्यालाच वाचता येत नाही.

वस्तीतल्या आमच्या वर्गात आम्ही एकदा एक प्रयोग केला. प्रत्येकीने आपल्याला येणारे इंग्रजी शब्द सांगायचे आणि ते फळ्यावर मराठी अक्षरांत लिहायचे. बायका आधी म्हणाल्या, ‘आम्हाला कुठे इंग्रजी येतंय?’ अर्ध्या तासात फळा भरला. मॉप, डस्टिंग, सिंक, मिक्सर, चॉपिंग, डस्टबिन, ड्राय, वेट, डायपर, लंचबॉक्स, सर्व्हिस लिफ्ट, एंट्री, पास, लेट, क्विक, क्लीन, प्रॉपरली. मग आम्ही या शब्दांचे गट पाडले. वस्तूंचा रकाना भरला, कामांचा भरला, हुकमांचा भरला. चौथा रकाना केला होता ‘मागणं आणि नाही म्हणणं’ यांचा. त्यात एकच शब्द आला, ‘सॉरी’. तोही चुकीच्या रकान्यात, असं एका मावशीनेच लक्षात आणून दिलं.

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी जे पोर्तुगीजचं झालं तेच आज इंग्रजीचं होतं आहे. बालदीच्या जागी बकेट आली, एवढाच फरक.

याचा परिणाम काय होतो ते दोन प्रसंगांतून सांगते. नावं सांगत नाही, गरजही नाही.

एक बाई एका घरी पाच वर्षं काम करत होती. मुलीचं लग्न ठरलं. चार दिवस सुट्टी हवी होती. मॅडमला मराठी येत नव्हतं आणि हिंदी थोडंसंच कळायचं. बाईने शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला विचारून वाक्य पाठ केलं आणि मॅडमला सांगितलं, ‘मॅडम, आय वॉन्ट टू लीव्ह.’ मॅडम म्हणाली, ‘ओके, फाइन.’ बाई खूष. लग्न उरकून पाचव्या दिवशी गेली तर दुसरी बाई भांडी घासत होती. ‘आय वॉन्ट लीव्ह’ म्हणजे मला रजा हवी. ‘आय वॉन्ट टू लीव्ह’ म्हणजे मला काम सोडायचं आहे. मधल्या एका ‘टू’ने पाच वर्षांचं काम गेलं.

तुम्ही म्हणाल, दोष इंग्रजीचा. पण थोडं थांबा. पाच वर्षं काम करणारी बाई अचानक काम सोडते म्हटल्यावर ‘का गं?’ एवढं विचारावंसं मॅडमला वाटलं नाही. तेवढा प्रश्न कुठल्याही भाषेत विचारता आला असता. तेव्हा दोष नुसत्या व्याकरणाचा नाही. व्याकरणाची चूक दोघींपैकी कुणाचीही होऊ शकते, पण तिची किंमत एकीलाच मोजावी लागते.

दुसरा प्रसंग. एका घरात अंगठी सापडेना. मॅडमने विचारलं, ‘यू डिड नॉट टेक इट?’ बाई म्हणाली, ‘यस मॅडम.’ तिच्या मनात होतं, ‘हो, नाही घेतली.’ मराठीत आपण असंच बोलतो. समोरच्याचं म्हणणं बरोबर असेल तर आधी ‘हो’ म्हणतो. इंग्रजीत तसं नाही. घेतली नसेल तर ‘नो’च म्हणायचं, प्रश्न कसाही विचारलेला असो. तिच्या ‘यस’चा अर्थ ‘हो, घेतली’ असा लावला गेला आणि तिला सोसायटीच्या ऑफिसात दोन तास बसवून ठेवलं. अंगठी दुसऱ्या दिवशी घरातच सापडली. बाईची कुणी माफी मागितली नाही.

अशा अडचणी आपल्याच वाट्याला येतात असं समजू नका. आज पोर्तुगीज बोलणाऱ्या बायकासुद्धा इंग्रजी शिकताना अशाच अडखळतात. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ नंतर, पोर्तुगीज राजवट संपल्यावर, पोर्तुगीज माध्यमातून शिकलेल्या पिढीला अर्ज, नोकरी, कचेरी यांसाठी इंग्रजी नव्याने गिरवावं लागलं. आणि ब्राझीलमधून अमेरिकेत गेलेल्या हजारो बायका तिथे घरकाम करतात. बॉस्टन शहराच्या आसपास त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांची आणि आपली गंमत बघा. दारावर इंग्रजीत ‘पुश’ लिहिलेलं असतं, म्हणजे ढकला. पोर्तुगीजमध्ये जवळजवळ तसाच ऐकू येणारा शब्द आहे, ‘पुशी’, आणि त्याचा अर्थ आहे ओढा! नव्याने आलेली बाई दार ओढत राहते. आपण मराठीत चपाती ‘करतो’ आणि डस्टिंगही ‘करतो’. त्यांच्याकडेही दोन्हींना एकच क्रियापद आहे. इंग्रजीत मात्र चपातीला ‘मेक’ आणि डस्टिंगला ‘डू’. ‘आलीस का?’ असं विचारलं तर आपण ‘आले’ म्हणतो, नुसतं ‘हो’ कमी वेळा. पोर्तुगीज बाईही तशीच क्रियापदानेच उत्तर देते. ‘चावी आहे का?’ तर ‘तेन्यु’, म्हणजे ‘आहे माझ्याकडे’. त्यामुळे ‘यस’ आणि ‘नो’ ही जोडी तिलाही घोटाळ्यात टाकते. सांगायचा मुद्दा हा की आपल्याला इंग्रजी येत नाही याचं कारण आपण अडाणी आहोत हे नाही. आपल्याला एक पूर्ण भाषा येते आणि तिची शिस्त वेगळी आहे, हे आहे.

त्या ब्राझीलच्या बायकांनी पुढे काय केलं तेही सांगते. नतालिसिया ट्रेसी नावाची एक ब्राझीलची तरुणी एका कुटुंबाचं मूल सांभाळायला बॉस्टनला आली. तिला इंग्रजी येत नव्हतं. आठवड्याला २५ डॉलर मिळायचे, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. ती इंग्रजी शिकली, शिकत शिकत समाजशास्त्रात डॉक्टरेटपर्यंत गेली आणि ब्राझिलियन कामगारांच्या केंद्राची प्रमुख झाली. या केंद्राने इतर संघटनांबरोबर मिळून लढा दिला आणि २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात घरकामगारांच्या हक्कांचा कायदा झाला. आठवड्याला चाळीस तास किंवा जास्त काम असेल तर सलग चोवीस तास विश्रांती, सोळा तास किंवा जास्त काम असेल तर कामाच्या अटी लेखी, लैंगिक छळापासून संरक्षण, बाळंतपणाची रजा. तिथल्या बायकांनी भाषा शिकली ती चांगली मोलकरीण होण्यासाठी नाही. आपल्या अटी सांगता याव्यात म्हणून शिकली.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ प्रसिद्ध केलं, त्यात इंग्रजी विद्येचं स्वागत आहे, कारण पेशवाईतल्या शास्त्र्यांनी शूद्रांना आणि स्त्रियांना जे दार बंद केलं होतं ते या नव्या भाषेने किलकिलं झालेलं त्यांना दिसत होतं. आपल्या शेजारच्या कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी नवऱ्याच्या हट्टाने इंग्रजी शिकल्या. पण १८८३ मध्ये श्रीरामपूरला, बंगालमध्ये, भर सभेत उभं राहून ‘मी अमेरिकेला का जाणार’ हे त्यांनी इंग्रजीत स्वतः सांगितलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. शिकवणारा कुणीही असो, ‘का’ हे बोलायला लागल्यावर भाषा त्यांची झाली. आनंदीबाई ब्राह्मण घरातल्या होत्या, आपल्या मैत्रिणींना तेवढी सवड आणि तेवढी पुस्तकं मिळालेली नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून तर त्यांना जे थोडं इंग्रजी मिळेल ते नेमकं मिळालं पाहिजे.

इथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आपल्याच कार्यकर्त्यांचा. त्या म्हणतात, महाराष्ट्रात राहून मराठी बाईने इंग्रजी का शिकायचं? समोरच्याने मराठी शिकावं. मला हे मान्य आहे, आणि मी तर पुढे जाऊन म्हणते की ही आपली मागणीच असली पाहिजे. ज्या कागदावर बाईचा अंगठा किंवा सही घेता तो कागद मराठीत असलाच पाहिजे. सोसायटीची सूचना मराठीतही लागली पाहिजे. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांबद्दल १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात म्हटलं आहे की कामाच्या अटी कामगाराला सहज समजतील अशा रीतीने सांगितल्या पाहिजेत. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण त्याला रीतसर मान्यता अजून दिलेली नाही. तेव्हा मागणी जरूर करू. पण मागणी पूर्ण होईपर्यंत उद्या सकाळी बाईला कामावर जायचं आहे. तिला उद्यासाठी चार वाक्यं द्यायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप समोरच्या बाजूचा. ‘इंग्रजी शिकवाल तर त्या डोक्यावर बसतील.’ याला मी उत्तर देत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लिहा-वाचायला शिकणाऱ्या बायकांबद्दल हेच म्हटलं जायचं.

आता भाषेचा विचार आपल्या मराठीपुरताही करू. कचेरीतला माणूस आला नाही तर ती ‘रजा’. घरकामाची बाई आली नाही तर तो ‘खाडा’. रजा अर्ज करून घ्यायची असते, खाडा मात्र कापला जातो. एकाच गोष्टीला दोन शब्द, आणि कुणाला कुठला शब्द लागतो यावर तिचा हक्क ठरतो. १९८० मध्ये पुण्यात घरकामगार बायकांनी जो संप केला, त्याची ठिणगी आजारी रजेवरून परतलेल्या एका बाईला काढून टाकल्यामुळे पडली होती. तेव्हापासून संघटना हेच सांगत आल्या आहेत की खाडा म्हणू नका, सुट्टी म्हणा, पगारी सुट्टी म्हणा. तेव्हा इंग्रजीत ‘लीव्ह’ शिकण्याआधी आपण आपसांत ‘रजा’ म्हणायला शिकलं पाहिजे. तोंडात ‘खाडा’ ठेवून मागितलेली ‘लीव्ह’ विनवणीच होते.

तुमच्या गटांत असे वर्ग घ्यायचे असतील तर आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगते.

पहिली. ए-बी-सी-डीपासून सुरुवात करू नका. बाईला वाक्य हवं असतं, अक्षरं नंतर. वाक्य मराठी अक्षरांत लिहा किंवा नुसतं बोलून पाठ करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना सगळ्यात लवकर येतं, कारण त्यांची पाठांतराची सवय मोडलेली नसते. ओव्या त्यांनीच जपल्या आहेत.

दुसरी. वस्तूंची नावं शिकवण्यात वेळ घालवू नका. ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतात. चौथा रकाना भरा. आम्ही ही वाक्यं घेतली. ‘आय नीड फोर डेज लीव्ह. आय विल कम बॅक ऑन मंडे.’ दोन्ही वाक्यं जोडीनेच म्हणायची. ‘एक्स्ट्रा वर्क, एक्स्ट्रा पे.’ ‘प्लीज पे मी बाय द फिफ्थ.’ ‘आय कान्ट रीड धिस. आय विल नॉट साइन.’ ‘नो. आय डिड नॉट टेक इट.’ ‘डोन्ट टच मी.’ आणि सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य, ‘प्लीज से इट इन मराठी.’

तिसरी. नुसतं ‘यस’ किंवा नुसतं ‘नो’ म्हणायचं नाही, हा नियमच करा. पूर्ण वाक्य बोललं की घोटाळा होत नाही.

चौथी. गोड बोलण्याचे अर्थ सांगा. ‘कुड यू प्लीज’ हा प्रश्न दिसतो, पण तो हुकूम असतो. ‘वुइल लेट यू नो’ म्हणजे कळवतो, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ नाही असाच असतो, तेव्हा त्यावर भरवसा ठेवून दुसरं काम सोडू नका. ‘अॅडजस्ट’ म्हटलं की विचारायचं, ‘हाऊ मच?’ किती वेळ आणि किती पैसे?

पाचवी. दोघी-दोघींची जोडी करून एकीने मॅडम व्हायचं, एकीने बाई. मॅडम झाल्यावर बायका जे अभिनय करतात ते बघून हसू आवरत नाही. पण त्या हसण्यातून भीती जाते. ‘आय विल नॉट साइन’ हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना एका ताईचा आवाज फुटेना. तिला इंग्रजी अवघड गेलं नव्हतं. ‘मी सही करणार नाही’ हे तिने मराठीतही आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. आधी आम्ही ते मराठीत म्हणून घेतलं, तीन वेळा, मोठ्याने. मग इंग्रजीत आपोआप आलं.

हे लक्षात घ्या, कार्यकर्त्या मैत्रिणींनो. नकार आधी स्वतःच्या भाषेत यावा लागतो.

आणि कुठे इंग्रजी लागत नाही तेही बायकांना सांगा. २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्याखाली नोंदणी करायला इंग्रजी लागत नाही. हा कायदा अपुरा आहे, त्याने कल्याणाच्या योजना दिल्या, पण पगार आणि रजा ठरवून दिल्या नाहीत; तरी नोंदणी म्हणजे ‘मी कामगार आहे’ याचा कागदोपत्री पुरावा आहे आणि तो प्रत्येकीकडे हवा. कामाच्या घरी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहून घ्यायला मदत करणं ही समितीची जबाबदारी आहे. चोरीचा आळ आला तरी स्त्रीची झडती पोलिसांनी दुसऱ्या स्त्रीकडूनच घ्यायची असते. वॉचमनला तो अधिकार नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करण्याचा विचार करायला समिती नेमा, असं सांगितलं आहे. ती चौकट नुसती कागदावर राहू नये, यासाठी आपला आवाज लागणार आहे, आणि तो मराठीतच लागणार आहे.

शेवटी एवढंच सांगते. ‘पगार’ हा शब्द देणाऱ्याचा होता, आपल्या आज्या-पणज्यांनी तो घेणारीचा केला. आज ‘लीव्ह’, ‘बोनस’, ‘नोटीस’, ‘एक्स्ट्रा’ हे शब्द आपल्या दाराशी आले आहेत. ‘बोनस’ आपण जवळजवळ मिळवला आहे. दिवाळीला बाई ‘माझा बोनस’ म्हणते तेव्हा कुणाला ते परकं वाटत नाही. ‘लीव्ह’ अजून मालकिणीची आहे. ‘नोटीस’ तर आपल्याला माहीतच नाही. काम सोडायला लावायचं तर महिनाभर आधी सांगा किंवा महिन्याचा पगार द्या, ही मागणी त्या एका शब्दात आहे.

तर जाताना प्रत्येकीने दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. आपापल्या गटात महिन्यातून एक बैठक या चौथ्या रकान्यासाठी ठेवावी. आणि ज्या सोसायट्यांमध्ये आपल्या बायका जातात तिथे महिला मंडळाच्या नावाने एक पत्र द्यावं: घरकामगार बाईची सही घ्याल तो प्रत्येक कागद मराठीत हवा. पत्राचा मसुदा तयार आहे. मेळावा संपल्यावर दारापाशी मिळेल. तो मराठीत आहे. घेऊन जा, वाचून दाखवा आणि सह्या करा.